युनूसभाईंचं ‘जी’ आणि माझं ‘जी’

चितेगावच्या लग्नाची दुसरी प्रत करायला जागा हवी होती, म्हणून मी पहिली पुसली. दुसरी अजून झालेली नव्हती.

पुसायची होती एच. पुसली जी. हे घाईगडबडीत झालं असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. मी फोन करून, पुन्हापुन्हा विचारून, माणसाच्या तोंडून खात्री करून घेतली आणि मग पुसली. माझ्या धंद्यातल्या सगळ्या मोठ्या चुका अशाच, पूर्ण खात्रीनं झालेल्या आहेत. शंका होती तिथं मी सहसा चुकलेलो नाही.

उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिन्यानं वर आलं की माझी खोली लागते. पाटीवर ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ असं आहे, पण दुरुस्तीला आता फार कुणी येत नाही. आता लोक येतात ते हार्डडिस्क घेऊन. चपट्या काळ्या डबीएवढी ती वस्तू. माणसं त्यात आपले फोटो, हिशेब, पोरांचे वाढदिवस, मेलेल्या माणसांचे आवाज असं सगळं भरतात आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून देतात. एक भरली की दुसरी. दुसरी भरली की तिसरी. मग एक दिवस सगळ्या पिशवीत घालून आणतात आणि म्हणतात, “काका, हे एकात करून द्या.” सगळ्यांच्या डिस्का माझ्या एकाच कॉम्प्युटरला एकदम जोडायच्या आणि यातलं त्यात, त्यातलं यात करत बसायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक निवृत्त प्राध्यापक डिस्क लाल फडक्यात बांधून आणतात आणि दोन्ही हातांनी पुढं करतात. मला दर वेळी ती घेताना चपला काढाव्याशा वाटतात. एक बियाण्यांचे व्यापारी आहेत, ते डिस्क कानाशी धरून हलवून बघतात, नारळात पाणी आहे का बघावं तशी. पण दुसऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. एका खंडेनवमीला मी स्वतः दुकानातल्या सगळ्या डिस्का पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं. भक्तिभाव जरा जास्त झाला आणि कुंकू वायर खोचायच्या जागेत गेलं. पुढचा सबंध दसरा मी टूथब्रशनं कुंकू काढत बसलो. सोनं द्यायला आलेले लोक विचारत, “काय करताय?” मी म्हणे, “पूजा उतरवतोय.”

तर जोडणीबद्दल. कॉम्प्युटरला वायर खोचायच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून मध्ये हब लावतात. घरात एका प्लगला फळी लावून त्यावर मिक्सर, इस्त्री आणि मोबाइल चालवतो, तसलाच प्रकार. साध्या हबवर सहा डिस्का लावल्या की वीज पुरत नाही. मग एखादी डिस्क टिकटिक करायला लागते आणि दिसेनाशी होते. म्हणून हब असा घ्यायचा ज्याचं स्वतःचं वेगळं चार्जर असतं. हे ज्ञान मला दोन डिस्का निकामी केल्यावर झालं. दोन्ही माझ्याच होत्या, म्हणून बोभाटा झाला नाही.

आता अक्षरं. कॉम्प्युटर जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतो. सी स्वतःसाठी ठेवतो, मग डी, ई, एफ, जी, एच असं वाटत सुटतो. लोकांना वाटतं हे त्या डिस्कचं नाव. नाव नव्हे. दवाखान्यात गेल्यावर मिळतो तो नंबर आहे. आज तुमचा चौथा, उद्या सातवा. डॉक्टर नंबर पुकारतात, पण गोळ्या द्यायच्या आधी चेहरा बघतात. मी चेहरा बघितला नाही.

खरं सांगायचं तर बघितला होता. दोन्ही चेहरे सारखे होते.

त्या दोन डिस्का युनूसभाईंच्या. युनूसभाई लग्नाचं शूटिंग करतात. क्रांती चौकापासून पैठणपर्यंत निम्म्या लग्नांच्या व्हिडिओत ‘थोडा हसो ना’ म्हणणारा जो आवाज ऐकू येतो, तो त्यांचा. मोठं लग्न असलं की मीही त्यांच्याबरोबर जातो. मंडपामागं टेबल टाकून बसतो, कॅमेऱ्यातली कार्डं भरून आली की ती डिस्कवर उतरवून रिकामी करून परत देतो. मधल्या वेळेत जेवतो. या शेवटच्या वाक्याकडं वाचकांनी जरा लक्ष ठेवावं.

युनूसभाईंची एक सवय आहे. त्यांच्या सगळ्या डिस्का एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या, आणि प्रत्येक लग्नाच्या फोल्डरचं नाव एकच, ‘शादी नई’. मी एकदा म्हटलं, “भाई, लग्न जुनं झाल्यावर तरी नाव बदला.” तर म्हणाले, “हर शादी किसी की नई रहती ना.”

त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं डिस्का माझ्या हबला लावल्या. एकीत पैठणचं लग्न होतं. त्याचा व्हिडिओ घरच्यांना पोचलेला होता, त्यामुळं ती रिकामी करायची. दुसरीत चितेगावचं लग्न, नुकतंच झालेलं, अजून कापाकापी व्हायची होती. त्याची एकच प्रत होती, म्हणून पैठण पुसून तिथं चितेगावची दुसरी प्रत ठेवायची. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा युनूसभाईंनी मला बोटानं दाखवलं, कोणती कोणती ते. मी मान हलवली. ते एका हळदीच्या कार्यक्रमाला निघून गेले आणि त्यांच्यामागोमाग ती माहितीही माझ्या डोक्यातून निघून गेली.

मी जी उघडली. आत ‘शादी नई’. एच उघडली. आत ‘शादी नई’. दोन्हींतला पहिला तुकडा मंडपाच्या रोषणाईचा. म्हटलं, उगाच डोकं कशाला चालवा, माणूस फोनवर आहे.

इथं आमच्या गावचं बोलणं जरा समजावून सांगायला हवं. युनूसभाई समोर असले की होकारासाठी ‘हौ’ म्हणतात. चहा घेणार? हौ. बॅटरी संपली? हौ. पण फोन कानाला लावला की ते वेगळे होतात. मग ते ‘जी’ म्हणतात. फोन गिऱ्हाइकाचा असणार असं धरून चालायचं, ही त्यांची रीत. ऐकू आलं नाही तरी जी, ऐकू आलं तरी जी.

फोन उचलला तेव्हा मागं डीजे चालू होता.

“भाई, एकच विचारायचंय. जी खाली करू की एच?”

“जी?”

“जी का?”

“जी, जी! बोलो, बोलो!”

“म्हणजे जी, पक्कं?”

“जी!”

फोन कट. मी जी पुसली. मग एचमधली ‘शादी नई’ जीवर उतरवायला लावली आणि चहा प्यायला खाली गेलो. काम अंगावेगळं झाल्याचं समाधान होतं. चहाबरोबर क्रीमरोलही खाल्ला.

मी वर आलो आणि मागोमाग हळदीहून युनूसभाई जिना चढून आले. खुर्चीत बसता बसता त्यांची नजर पडद्यावर गेली.

“ये क्या उतर रा?”

“चितेगाव. दुसरी प्रत.”

ते वाकले. चष्मा वर केला. “चितेगाव की दुल्हन हिरव्या शालू में थी.”

“बरं मग?”

“ये पिवळा है. ये पैठण है, अनंतभाई. चितेगाव किधर है?”

मी उतरवणं थांबवलं. मग मी, चूक झाल्यावर सभ्य माणसं करतात तेच केलं. ती दुसऱ्यावर ढकलली.

“तुम्हीच म्हणालात, जी.”

“मैं?”

“तीनतीनदा म्हणालात.”

“मैं फोन पे सबको जी बोलता! बीवी का फोन आया तो भी बोलता! इत्ते साल हो गए, तुमकू मेरा हौ कौनसा और जी कौनसा, मालूम नई?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं भाऊसाहेब चितेगाव. नवरदेवाचे वडील.

“जी, भाऊसाहेब,” युनूसभाई म्हणाले. “जी. जी, जी. हो जाएगा. जी.” प्रत्येक ‘जी’ला ते माझ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतःच दुकानात आले. मोठे शेतकरी, धाकटा भाऊ कंपनीत, पोरगा बँकेत. जिना चढून दम लागला होता. येताना पिशवीभर ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, त्या त्यांनी माझ्या टेबलावर, त्या हबच्या शेजारीच ठेवल्या.

“काका, घाई करायला नाय आलो,” ते म्हणाले. “पण आमची आक्का शनिवारी दवाखान्यातून घरी यायलीय. तवर झालं तर लई बरं होईल.”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. हे लग्न तिनंच जमवलं होतं. मुलगी बघण्यापासून शालूचा रंग ठरवण्यापर्यंत. आणि लग्नाच्या तोंडावर मोरीत पाय घसरून खुबा मोडला.

“आम्ही म्हणलं, तारीख पुढं ढकलू. नाय म्हणली. म्हणली, माझ्या हाडापायी पोराचा मुहूर्त नगं मोडाया. ऑपरेशन झालं त्या दिवशी इकडं अक्षता पडल्या बघा.” भाऊसाहेब शेंग फोडत बोलत होते. दाणे मात्र खात नव्हते, नुसते हातात धरत होते. “मोबाइलवर दाखवायला गेलं की तोंड फिरवती. तुकडं तुकडं नगं म्हणती. बघीन तर मुळापासून बघीन, मांडवात बसल्यावानी. एक फोटू पण बघितला नाय तिनं अजून.”

मला सगळं सांगून टाकायचं होतं. जीभ उचललीही होती. पण युनूसभाई आधी बोलले, “मशीन थोडी स्लो चल री, भाऊसाहेब. हो जाएगा.”

“व्हय ना? मग काय घोर नाय,” असं म्हणून भाऊसाहेबांनी हातातले दाणे माझ्यापुढं ठेवले आणि ते गेले. मशीननं माझ्यासाठी बोलणी खाल्ली. मी शेंगा खाल्ल्या.

आता डिस्क पुसली म्हणजे काय होतं, ते सांगतो. पुसली म्हणजे घासून धुतली असं होत नाही. जाड पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकावी, एवढंच होतं. पानं आत असतात. कुठल्या पानावर काय ते मात्र कॉम्प्युटरला कळत नाही, आणि त्याला वाटतं पुस्तक कोरं आहे. म्हणून अशा वेळी एकच नियम: त्या डिस्कवर नवं काही लिहायचं नाही. मी चहा आणि क्रीमरोल होईपर्यंत लिहीत होतो. जेवढ्या पानांवर पैठण छापलं गेलं, तेवढं चितेगाव कायमचं गेलं.

उरलेलं परत काढायला एक सॉफ्टवेअर असतं. ते डिस्कचा कोपरान् कोपरा चाचपत जातं आणि सापडेल ते बाहेर टाकतं. पण नावाशिवाय आणि क्रमाशिवाय. पोतं उलटं केल्यासारखं. बाहेर जे आलं त्यात नवरी आधी सासरी निघाली, मग तिला हळद लागली, मग वरात आली आणि मग कुणीतरी मांडवाचे बांबू रोवले. त्यातच मी नव्यानं घातलेलं पैठणही मिसळलेलं. दोन लग्नांची खिचडी, आणि एकाही तुकड्याला नाव नाही.

आम्ही दोघं निवडायला बसलो. बायका तांदूळ निवडतात तसं. हिरवा शालू इकडं, पिवळा तिकडं. गुलाबी फेटे इकडं, केशरी तिकडं. पैठणची सबंध प्रत एचवर सुखरूप होती; तिच्याशी एकेक तुकडा कॉम्प्युटरकडूनच ताडून घेतला असता तर अर्ध्या तासात दोन्ही लग्नं वेगळी झाली असती. हे मला सगळं आटोपल्यावर सुचलं. मी ते युनूसभाईंना अजून सांगितलेलं नाही. ते मराठी वाचत नाहीत, म्हणून इथं लिहितो आहे.

नवरानवरी दिसत होते तोवर ठीक चाललं. अडलं ते पंगतीपाशी. दोन्ही लग्नांना मंडपवाला एकच, तेच पांढरे खुर्च्यांचे झगे, त्याच स्टीलच्या ताटल्या. जेवणारी माणसं आमच्या ओळखीची नाहीत. आणि जेवताना सगळी माणसं सारखीच दिसतात, हे मी शूटिंगच्या अनुभवावरून सांगतो.

अशात एका तुकड्यात युनूसभाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. “ये कौन?”

निळ्या चौकटीचा शर्ट घालून मी जेवत होतो. तो माझा लग्नाचा शर्ट आहे.

“बस, हो गया काम,” युनूसभाई म्हणाले. “तुम चितेगाव आए थे ना? जिस पंगत में तुम, वो चितेगाव.”

मला ते पटलं. एवढंच नव्हे, जरा बरंही वाटलं. आपल्या जेवणाचा कुणाला तरी उपयोग होतो आहे, असं. मी मन लावून स्वतःला शोधलं आणि जिथं जिथं सापडलो, ते ते चितेगावच्या ढिगात टाकलं.

गेलं ते मात्र नेमकं गेलं. अंतरपाट बाजूला होतो तेवढाच भाग, दोन्ही कॅमेऱ्यांचा, कुठंच सापडला नाही. युनूसभाईंनी नवरीच्या भावाकडून मोबाइलवरचं चित्रण मागवलं. ते हलत होतं, निम्म्या पडद्यावर त्या पोराचा अंगठा होता आणि मंगलाष्टकांपेक्षा त्याचाच आवाज मोठा येत होता. युनूसभाईंच्या हातून असलं चित्र कधी बाहेर गेलेलं नाही. ते जोडताना त्यांनी मान दुसरीकडं वळवली होती. माझी थट्टा करत नव्हते. त्याचं मला जास्त लागलं.

शनिवारी आम्ही दोघं चितेगावला गेलो. या खेपेला तीन डिस्का, तीन प्रती. प्रत्येकीवर मी नाव घातलं होतं. पैठण गेट, रोशन गेट, भडकल गेट. आपल्या गावात दरवाज्यांना तोटा नाही. इंग्रजीत लिहिलेली ती नावं युनूसभाईंनी वाचली आणि म्हणाले, “गेट में भी जी आता, अनंतभाई.”

भाऊसाहेबांच्या बैठकीत मोठा टीव्ही लावलेला. समोर उंच खुर्चीत आक्का, पायाखाली उशी, बाजूला वॉकर. अंगावर नवं लुगडं, लग्नाला नेसायचं राहिलेलं. नवी सून हिरव्या बांगड्या सावरत त्यांच्या पायाशी बसली होती. मी दाराजवळची जागा धरली. काही झालं तर तिथून निघायला सोपं.

लग्न सुरू झालं. आक्का अगदी ताठ बसल्या होत्या. हळद बघितली, वरात बघितली. “बँड बरा हाय,” म्हणाल्या. “त्या म्हादूला कुणी नाचाया लावला, त्याचं पोट बघा.” मग मंगलाष्टकं आली आणि चित्र एकदम हलायला लागलं. अंगठा आला. युनूसभाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. अंतरपाट सरकला, गर्दी ओरडली, दोघांची डोकी कशीबशी दिसली आणि संपलं.

“थांब,” आक्का म्हणाल्या. “मागं घे. पुन्ना लाव.”

पुन्हा लावलं. आक्का पुढं झुकल्या.

“हे खरं दिसतंय बघ. लोकाच्या खांद्यावरून बघितल्यावानी. मी तिथं असते तर मला असंच दिसलं असतं. पुन्ना लाव.”

युनूसभाईंनी हात काढून घेतला. मीही श्वास सोडला. वाटलं, सुटलो.

मग पंगत आली. आक्का जेवणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघायला लागल्या. हे काम त्यांनी बिनचूक केलं असतं. आम्ही त्यांना आधीच दवाखान्यात जाऊन दाखवायला हवं होतं.

“हे कोण गं? तुमच्याकडचे?” त्यांनी सुनेला विचारलं.

“नाही आत्या. मला वाटलं आपल्याकडचे.”

“आपल्याकडचे? भाऊ, हे कोण रं?”

“मला वाटलं सुनबाईच्या मामाकडचे,” भाऊसाहेब म्हणाले.

“आन् हे जिलबी कशी खायल्येत? आपल्यात तर बुंदी होती ना?”

पडद्यावर निळ्या चौकटीचा शर्ट घातलेला एक इसम जिलबीचं दुसरं वेटोळं उचलत होता. चित्र बदललं. तोच इसम, तोच शर्ट, ताटात बुंदी. पुन्हा बदललं. जिलबी. मला तेव्हा आठवलं की पैठणच्या लग्नालाही मी गेलो होतो. जिलबी चांगली होती.

आता लपवण्यात काही अर्थ राहिला नव्हता. युनूसभाई उठले आणि त्यांनी हात जोडून सगळं सांगून टाकलं. जी, एच, फोन, डीजे. “इनसे सब पुसला गया था, आक्का. फिर जितना मिला उतना जोड के लाए. गलती हो गई.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. सून तोंडाला पदर लावून हसत होती. आक्कांनी मान वळवली, दाराजवळ बसलेल्या मला नीट न्याहाळलं, मग पडद्याकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. तोच शर्ट मी त्या दिवशीही घातला होता.

“समदं पुसलं म्हणतोस,” त्या युनूसभाईंना म्हणाल्या, “मग ह्यो खाणारा तेवढा कसा काय ऱ्हायला?”